काचेच्या कपाटातला चषक

(हीरक महोत्सवी क्रीडादिनी केलेले भाषण)



पारितोषिक मिळते तो क्षण आनंदाचा खरा. परंतु त्यानंतर त्या पारितोषिकाचे काय करावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ऑस्ट्रेलियातील आंतरराज्य नौकास्पर्धांच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार गंभीरपणे उभा राहिला होता.

या स्पर्धेचा आरंभ 1878 साली झाला. त्या वेळी ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र नव्हते. त्या सहा स्वतंत्र वसाहती होत्या. 1 जानेवारी 1901 रोजी त्यांचे संघराज्य झाले आणि वसाहतींची ही चुरस राज्याराज्यांची स्पर्धा बनली. मेलबर्नची यारा, सिडनीची पॅरामाटा, पर्थची स्वान अशा निरनिराळ्या नद्यांवर ती पाळीपाळीने भरे. पूर्वेकडील राज्यांना पश्चिमेशी जोडणारा लोहमार्ग 1917 साली पूर्ण झाला. त्यापूर्वी पर्थच्या वल्हेकऱ्यांना शर्यतीसाठी समुद्रमार्गेच पूर्वेला जावे लागे.

आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. आठही जण अंतिम रेषेकडे पाठ करून बसतात. पुढचे पाणी दिसते ते केवळ सुकाणू सांभाळणाऱ्या नवव्याला. त्याच्यासमोर बसलेला वल्हेकरी लय ठरवतो आणि उरलेले सात जण ती लय पाळतात. एकट्याच्या बळावर येथे कोणीही जिंकत नाही.

याच परंपरेत वाढलेल्या वल्हेकऱ्यांनी 1912 साली इंग्लंडमधील हेन्ली येथे सिडनी रोइंग क्लबच्या वतीने ग्रँड चॅलेंज कप जिंकला. त्या नौकेत टास्मानियात जन्मलेला कीथ हेरिटेज होता. दोनच वर्षांनी महायुद्ध पेटले. 1915 ते 1919 या काळात आंतरराज्य शर्यती बंद राहिल्या. हेरिटेज 1916 साली फ्रान्समधील पोझिएर येथे रणांगणावर पडला.

युद्ध संपल्यावर, जुलै 1919 मध्ये, हेन्ली येथे शांतता महोत्सवाच्या शर्यती झाल्या. सैनिकी पथकांसाठी राजा पंचम जॉर्ज यांनी चषक ठेवला होता. लय ठरवण्याच्या जागी क्लाइव्ह डिशर हा सैन्यातील डॉक्टर होता. 1912 च्या विजयी नौकेतला सिडनी मिडलटनही या पथकात होता. आपापल्या राज्यांसाठी एकमेकांविरुद्ध झुंजलेले हात आता एका लयीत चालत होते. अंतिम फेरीत ऑक्सफर्डला एका नौकेच्या लांबीने मागे टाकून ऑस्ट्रेलियन सैनिकांनी चषक जिंकला.

खरा पेच त्यानंतर पडला. चषक युद्धसंग्रहालयात जतन व्हावा, असे मायदेशी एक मत होते. त्या मतात अनादर नव्हता. उलट स्मृती सुरक्षित राहावी हीच भावना होती. वल्हेकऱ्यांची इच्छा मात्र निराळी होती. चषक राज्यांनी दरवर्षी शर्यतीत जिंकावा, असे त्यांना वाटे. त्यांनी थेट राजाकडे विनंती केली. राजाची इच्छा 1921 साली कळली : चषक आंतरराज्य शर्यतीसाठीच असावा.

आजही ऑस्ट्रेलियातील राज्यांची पुरुषांची आठ वल्ह्यांची शर्यत 'किंग्ज कप' याच नावाने होते. संग्रहालयात ठेवला असता तो चषक अधिक निर्धोक राहिला असता, यात शंका नाही. परंतु एका राज्याकडून दुसऱ्याकडे जाताना तो दर पिढीतील तरुणांच्या हाती येत राहिला. तो हाती यावा म्हणून त्यांना पहाटे उठून नदीवर जावे लागले, हातांना घट्टे पाडून घ्यावे लागले, आणि सोबत्याची लय ऐकायला शिकावे लागले. युद्धातून परतलेल्यांनी आपल्या न परतलेल्या सोबत्यांसाठी निवडलेले हे स्मारक होते.

विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे चालत आलेली मराठी शाळा हाही असाच एक चषक आहे. शोभेच्या कपाटात ठेवलेली भाषा सुरक्षित दिसते. पण जिवंत राहते ती रोजच्या बोलण्या-लिहिण्यात. हा वारसा आज तुमच्या हाती आहे. वल्ही उचला.