चेंडू देणारा गडी



अहमदपूर हें लातूर-नांदेड रस्त्यावरील आमचें तालुक्याचें गांव. कबड्डी आणि खोखो येथें कोणास शिकवावे लागत नाहींत. बास्केटबॉल मात्र अद्याप पाहुणाच आहे. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ परवां म्हणाले, “आमचे चिरंजीव महाविद्यालयाच्या संघांत पॉइंट गार्ड आहेत. स्वतः गुण करीत नाहींत, हातांत आलेला चेंडू दुसऱ्याला देऊन टाकतात. ह्यांतून त्यांचें पुढें काय व्हावयाचें?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. पांच गड्यांच्या संघांत पॉइंट गार्ड हा बहुधा सर्वांत बुटका. चेंडू मिळाल्यापासून ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावयाची आणि २४ सेकंदांच्या आंत टोपलीवर फेंक व्हावयास हवी. तेवढ्यांत कोण मोकळा आहे, कोणाचा पहारेकरी दमला आहे, हें ओळखून चेंडू नेमका त्याच्या हातीं पोंचविणें हें ह्याचें काम. नजर मैदानावर, चेंडू हातालाच कळला पाहिजे. त्याच्या पासावर गुण झाला तर वहींत तशी नोंद होते, पण टाळ्या अर्थातच गुण करणाऱ्याला.

अमेरिकेंतील बॉब कूझीची हकीकत ह्या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सहून न्यूयॉर्कला आलेल्या एका टॅक्सीवाल्याचा हा मुलगा. शाळेच्या संघानें त्याला घेतलें नव्हतें. पुढें झाडावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हां तो डाव्या हातानें चेंडूचे टप्पे मारूं लागला. हात बरा होईतों दोन्ही हात सारखे तयार झाले, आणि त्याच शाळेनें त्याला बोलावलें! होली क्रॉस महाविद्यालयानें १९४७ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें तेव्हां तो पहिल्या वर्षांत होता. १९५० सालीं तिघां खेळाडूंच्या नांवांच्या चिठ्ठ्या टोपींत टाकून तीन धंदेवाईक संघांनीं काढल्या. कूझीची चिठ्ठी बोस्टनच्या वांट्यास आली. बोस्टनला तो मनापासून नकोच होता. पुढें लागोपाठ ८ वर्षें गुणदायी पासांत तो पहिला राहिला, आणि १९६३ पर्यंत बोस्टननें त्याच्यासह ६ अजिंक्यपदें जिंकलीं.

आपल्याकडे अशी धंदेवाईक वाट अरुंदच. तरी मुंबईच्या नागपाड्यांतून अब्बास मुंतसिर निघाले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. पुण्याची शिरीन लिमये २०१७ सालीं बंगळूर येथें आशिया चषकाच्या ब विभागांत कझाकस्तानला ७५-७३ असें हरविणाऱ्या भारतीय संघांत होती. नागपाड्यांत काय किंवा पुण्यांत काय, संध्याकाळीं मैदानावर दहा जण उतरतात. पास घेणारा तेथेंच तयार होतो.

आणि आमच्या गांवची अडचण नेमकी येथें आहे. महाविद्यालयीन कारकीर्द ती तीन वर्षांची. नांदेडच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत डोळ्यांत भरलें तर विद्यापीठाच्या संघांत निवड. पण सोयाबीनच्या राशीला एक गडी शेतावर जातो, दुसरा परीक्षेच्या अभ्यासाला पुणें गांठतो. दर वर्षीं नवे हात, नव्या संवयी. उत्तम पास घेणाऱ्याच्या बोटांतून निसटला, तर चेंडू गमावल्याचा दोष पुष्कळदां देणाऱ्याच्याच माथीं बसतो. निवड करणाऱ्याला तेवढेंच दिसतें. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत खऱ्या. परंतु त्यासाठीं पदक लागतें, आणि बास्केटबॉलमध्यें पदक एकट्याला मिळत नाहीं.

मीं त्या गृहस्थांना एवढेंच सांगितलें कीं मुलाला डाव्या हाताचा सराव करूं द्या, आणि आपण दिवाळीच्या आधीं उरलेल्या चौघांच्या वडिलांना भेटून या. त्यांपैकीं दोघांना ते भेटलेहि आहेत. तिसरे शेतावर होते.