घर विकायचंय? आधी कौलं चाळा!

महाड सोडून रायगडाच्या वाटेला लागलं की नाते हे गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 साली इथलाच. याच गावातलं आमचं कौलारू घर आई गेल्यावर आम्ही भावंडांनी विकायला काढलं. तीन पावसाळे ते बंद होतं.

शहरातल्या सवयीप्रमाणे मी नव्या फरश्या आणि तैलरंगाचा हिशेब मांडला. आकडा गेला दीड लाखावर. गावातले जुने गवंडीकाका हसले. म्हणाले, "आमच्याकडं गिऱ्हाईक दारात आलं की आधी मान वर करतं. कौलांतून आभाळ दिसलं, तर खालची फरशी कोण बघतो?"

मग आधी कौलं चाळून घेतली. फुटलेल्यांच्या जागी पडक्या गोठ्यावरची जुनी कौलं बसवली. वाळवी लागलेले दोन वासे बदलले, बाकीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं. भिंतींना तैलरंगाऐवजी चुना काढला. जुन्या मातीच्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. तैलरंगाखाली ती कोंडते आणि पोपडे धरतात. विहीर उपसली, अंगण झाडलं, उघड्या पडलेल्या वायरी बदलल्या, दारांच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सगळा खर्च तीस हजारांच्या आत बसला.

प्रश्न उरला माजघराच्या मागच्या भिंतीचा. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मागच्या पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचून ओल कमरेपर्यंत चढली होती. मी म्हटलं, "फाल्गुनात भिंत कोरडी दिसते. दोन हात चुना मारू आणि वर कपाट सरकवू." ताई म्हणाली, "आणि आषाढात त्यांच्या धान्याच्या कणग्या त्याच भिंतीला लागतील तेव्हा?"

मी गप्प झालो. कायदाही ताईच्याच बाजूने आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 नुसार, खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगायलाच हवा. आम्ही भिंतीमागे चर खणून पाण्याला वाट करून दिली. कपाट सरकवलं नाही. घर बघायला आलेल्या गृहस्थांना ओलीची रेघ बोटाने दाखवली. त्यांनी किंमत थोडी पाडून मागितली, पण व्यवहार मोडला नाही. उलट जाताना म्हणाले, "ही भिंत दाखवलीत, म्हणून बाकीच्या भिंतींवर विश्वास ठेवतो."

आणखी एक डागडुजी कागदांची. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून वारसांची नोंद, जमिनीचा उतारा, घरपट्टीची पावती, विजेचं बिल हे सगळं आधीच जुळवून ठेवावं. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल, तर मालमत्तापत्रक काढून घ्यावं. सगळ्या वारसांची संमती तर हवीच. भावंडांत एकमत नसेल, तर चुन्याचा डबा उघडूच नये.

थोडक्यात काय, तर छप्पर, पाणी, वीज आणि कागद यांवर खर्च करा. फरशी नव्या मालकाला त्याच्या आवडीची घालू द्या. किल्ली देताना आम्ही त्यांना एवढंच सांगितलं, "दर वैशाखात मागचा चर साफ करा."