जुना फॉन्ट सोडताना

(रत्नागिरी येथे मुद्रक, पत्रकार व संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यासमोरचा प्रश्न रोकडा आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आपण वर्षानुवर्षे मजकूर जुळवला. ऑपरेटरच्या बोटांना सवय आहे, अंक वेळेवर निघतो. मग चालते गाडे मोडून युनिकोडकडे कशासाठी जायचे? ‘जग तिकडे चालले आहे’ एवढ्या उत्तराने माझे तरी समाधान होत नाही.

रत्नागिरीत हा विषय निघाला की दोन नावे आठवणे स्वाभाविक आहे. येथेच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. पुढे १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची मोहीम चालवली. अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी ही त्यातलीच. टंकयंत्राच्या कळा मोजक्या आणि आपली जोडाक्षरे शेकडो. तेव्हा लिपीनेच थोडे आवरते घ्यावे, असा तो विचार होता. संगणकाने ही अडचण दूर केली खरी, पण तसे करताना आपण एक आडवाट धरली.

वास्तविक प्रमाण संकेतावली आपल्याकडे लवकर तयार झाली होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१मध्ये आले. युनिकोडमधील देवनागरीचा आराखडाही इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. युनिकोड ही परकी वस्तू मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. परंतु डीटीपीच्या धंद्याला थांबायला सवड नव्हती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली, आणि तीही प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. कागदावर सुबक मराठी उमटते. फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला असतो. फॉन्ट बदलून पाहा, म्हणजे खात्री पटेल. त्या काल्यात संगणकाला ‘राजापूर’ हा शब्द दिसत नाही, वर्गणीदारांची यादी अकारविल्हे लागत नाही, आणि मोबाइलवर पाठवली तर समोरच्याला काहीच उमगत नाही.

मुद्रकांची बाजूही ऐकली पाहिजे. विंडोज २०००मध्ये युनिकोड मराठी उमटू लागली, पण ज्या पेजमेकरवर आपली पाने लागत तो युनिकोड जाणतच नव्हता. इनडिझाइनमध्ये आपली जोडाक्षरे नीट जुळण्याची सोय झाली ती २०१२मध्ये. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायलाही २००८ उजाडले. त्या काळात मुद्रकाने जुना फॉन्ट सोडला नाही, याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. आज ती सबब उरलेली नाही. टंकयंत्राच्या जुन्या मांडणीनेही युनिकोड लिहिता येते. इन्स्क्रिप्ट शिकलात तर आणखी एक लाभ आहे: मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर बंगालीचा, गुजरातीचा, कन्नडचाही ‘क’!

नव्या मजकुराचा निर्णय त्यामुळे सोपा आहे. एक तारीख ठरवावी आणि त्यानंतर प्रत्येक ओळ युनिकोडमध्येच लिहावी. माझी काळजी आहे ती मागच्या फाइलींची. संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, गावोगावचे इतिहास, आता हयात नसलेल्या मंडळींच्या आठवणी – यांची हस्तलिखिते केव्हाच रद्दीत गेली. उरली आहे ती संगणकातली प्रत. काही जुनी सॉफ्टवेअर संगणकाला जोडायच्या लॉकशिवाय उघडत नाहीत. तो लॉक हरवला किंवा संगणक भंगारात गेला, की ती प्रत उघडणेही दुरापास्त होते.

रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचाही असाच घोळ होतो. आणि ‘आचार्यांना निमंत्रण दिले’ व ‘आचाऱ्यांना निमंत्रण दिले’ यांतला फरक यंत्राच्या हातून निसटला, तर सभेला कोण येईल सांगता येत नाही! युनिकोडमध्ये दोन्ही रूपे वेगळी लिहिता येतात. रूपांतरात ती वेगळी राहिली की नाही, हे पाहायला मराठी जाणणारा माणूसच लागतो. म्हणजे पुन्हा एकदा मुद्रितशोधन आले. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार, हे संस्थाचालकांनी आधीच गृहीत धरावे.

म्हणून सगळे एकदम रूपांतरित करण्याचा हट्ट नको. ज्याची छापील प्रतही उरलेली नाही, ते आधी घ्यावे. जिथे छापील अंक सुरक्षित आहे, ते मागाहून झाले तरी चालेल. तोवर जुना संगणक, फॉन्ट आणि लॉक जपून ठेवावेत. आणि कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, हे ऑपरेटरकडून आजच वहीत लिहून घ्यावे. तो नोकरी सोडून गेला, की हे सांगणारा दुसरा कोणी मिळत नाही.