अजगराची वंशावळ



मी इथे बोलायला उभी राहण्याआधीच तिघांनी विचारलं, "तू फ्लोरिडात अजगर पकडतेस म्हणे?" नाही. पकडणारे वेगळे. माझ्याकडे येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा शेपटीचा तुकडा, अल्कोहोलच्या नळीत बुडवलेला. त्यातून डीएनए काढायचा आणि हा प्राणी कोणाचा कोण, हे शोधायचं. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये आपली कुळं चोपड्यांत लिहून ठेवतात ना, तेच काम मी अजगरांचं करते. दक्षिणेला मात्र इथून कोणी देत नाही.

दक्षिण फ्लोरिडात एव्हरग्लेड्स नावाचं अफाट पाणथळ गवताळ रान आहे. बर्मी अजगर तिथला नव्हे. लोकांनी हौसेने पाळला, तो पंधरा फुटांचा झाला, मग कोणी सोडून दिला, कोणाकडून निसटला. २००० सालच्या सुमारास लक्षात आलं, की तो तिथे वीण घालून स्थायिक झालाय. पुढे २०१२ मध्ये रस्त्यांवरून केलेल्या प्राणिगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले. रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलं होतं, ओपोसमचंही जवळपास तेवढंच. ससे तर त्या पाहणीत दिसलेच नाहीत.

आता मारायचे म्हटलं तर दिसायला हवेत. समोर अजगर असला तरी तो माणसाला दिसण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी धरली जाते. मोजताच येत नाही अशा प्राण्याची वीण कशी समजून घ्यायची? इथे जनुकं कामाला येतात.

बाई, तुम्ही फळ्यावर मेंडेलच्या वाटाण्याचा चौकटींचा तक्ता काढायचात. आम्ही तो पाच मार्कांसाठी पाठ केला. आज माझं पोट त्याच तक्त्यावर चालतं. प्रत्येक पिल्लाला एका जागेवर एक खूण आईकडून मिळते, एक बापाकडून. एका मादीच्या अंड्यांतली भावंडं तपासायची आणि आईच्या खुणा वजा करायच्या. उरलेल्या खुणा बापाच्या. एका बापाकडे एका जागी जास्तीत जास्त दोनच प्रकार असू शकतात. तीन किंवा चार निघाले, की बाप एकाहून अधिक. सापांमध्ये हे नवलाचं नाही. विणीच्या दिवसांत एका मादीभोवती अनेक नर गोळा होतात. म्हणून चार नर मारल्याने वीण थांबेल, हा हिशोब चुकतो.

याहून मोठा धक्का २०१८ च्या एका संशोधनाने दिला. सुमारे ४०० अजगरांचे नमुने तपासले होते. बहुतेक एकमेकांचे जवळचे नातलग निघाले, म्हणजे मूळ पुरुष आणि मूळ स्त्रिया थोड्याच असाव्यात. पण त्यांतल्या १३ जणांमध्ये वेगळंच दिसलं. पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो. तो या १३ जणांत भारतीय अजगराचा होता. दिसायला बर्मी, केंद्रकातला डीएनए बर्मी वळणाचा, आणि आजोळ मात्र आपल्याकडचं! कुठल्या तरी पिढीत भारतीय मादी आणि बर्मी नर यांचा संकर झाला होता. बहुधा सोडले जाण्याआधीच, कोणाच्या तरी पिंजऱ्यात.

यात काळजीचं काय? बर्मी अजगर पाण्याजवळ रमतो, आपला कोरड्या रानातही निभावतो. दोघांचे गुण एकत्र आले तर संकरित प्रजा जास्त प्रकारच्या जागी पाय रोवेल, अशी भीती संशोधकांनी व्यक्त केली. (अजगराला पाय रोवता येतात का, हा प्रश्न मागच्या बाकावरून येणार, हे मला ठाऊक आहे. नराला चिमुकल्या नख्या असतात, मागच्या पायांचे अवशेष.) मला स्वतःला टोचतं ते वेगळंच. भारतीय अजगर आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. कोकणात विहिरीत पडला तर सर्पमित्र रात्री धावत जाऊन त्याला वाचवतात. त्याच रक्ताचा प्राणी तिथे दिसताक्षणी मारावा लागतो. दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणखी एक गंमत. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक बर्मी मादी नराविना ठेवली होती, तरी तिच्या अंड्यांत गर्भ वाढत होते. जनुकं तपासली तर ते आईची हुबेहूब प्रत! हे २००३ साली प्रसिद्ध झालं. एव्हरग्लेड्समध्ये नरांची टंचाई नाही, त्यामुळे तिथल्या माद्यांना याची गरज पडत नसावी. पण "एकटीच तर आहे, सोडली तर काय बिघडलं?" या म्हणण्याला हे उत्तर आहे.

म्हणून मला बक्षिसांच्या शिकारस्पर्धांपेक्षा दुसरी युक्ती जास्त पटते. नराच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्याला सोडतात. विणीच्या दिवसांत तो आपल्याला थेट मादीकडे नेतो. याच पद्धतीने सापडलेल्या एका मादीची माहिती २०२२ मध्ये जाहीर झाली: जवळपास १८ फूट लांब, वजन ९७ किलोंच्या वर, पोटात वाढणारी १२२ अंडी. अशी एक मादी अंडी घालण्याआधी हाती लागणं डझनभर नरांहून मोलाचं.

आपल्या ग्रुपवर एकाने लेकासाठी बॉल पायथन घेऊ का, असं विचारलंय. नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. अरे, तो आफ्रिकेतला साप आहे. घेणारच असशील तर पावती आणि कागदपत्रं तपास, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद कर. आणि लेक कॉलेजला गेला, कंटाळा आला, तर खाडीत नेऊन सोडू नकोस, वनखात्याला फोन कर. त्यांना जमलं नाही तर मला कर. मी निदान आरडाओरडा तरी करीन.

बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फोटो आणलेत, पण ते जेवणानंतरच दाखवीन.