लढाईवर गेलेल्यांची नावे

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)

मंडळी,

मागच्या रविवारी आपण खडकीला जाऊन आलो. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि जे आले पण फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशीच रमले त्यांच्यासाठीही, आज आम्ही थोडे बोलणार आहोत.

खडकी म्हणजे पुण्याचीच जुनी लष्करी वस्ती. तिथे मुळा रस्त्यावर एक दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात, जे परदेशी शिपाई आपल्या भागात मरण पावले त्यांना तिथे पुरले आहे. कोणी आजाराने गेला, कोणी अपघाताने. पश्चिम आणि मध्य भारतात त्यांची थडगी ठिकठिकाणी विखुरलेली होती. त्यांची कायमची देखभाल होणे कठीण, म्हणून ती या एका जागी आणली. अशी १,६६८ थडगी तिथे आहेत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या १,८०० हून जास्त लोकांची नावेही तिथल्या स्मारकावर आहेत. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे आणले गेले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. पण मोबाइलमुळे इंग्रजी आकडे सगळ्यांना येतात. म्हणून तुम्ही दगडावरचे आकडे वाचत गेलात. मेला त्या दिवसाची तारीख, आणि मग वय. १९. २१. २२. परत १९. आपल्यातल्या एक बाई एका दगडापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आमच्या धाकट्याएवढाच की!" मग त्यांनी विचारलं, "याच्या आईला कळलं असंल का, पोरगं कुठं निजलंय ते?"

कळलं होतं. दगड बसवताना घरच्यांना विचारण्याची रीत होती. कित्येक दगडांवर सर्वांत खाली एखादी ओळ दिसते, ती घरच्यांनी निवडलेली असते. त्या देशांतली माणसे आजही आपल्या आजोबाचा, चुलत्याचा दगड शोधत इथे येतात, फुले ठेवतात आणि नावावरून हात फिरवतात.

हे सारे आम्ही सांगत होतो, तेव्हा आपल्या वर्गातल्या एक आजी गप्प उभ्या होत्या. भोर तालुक्यातल्या. वय ऐंशीच्या घरात. मागच्या वर्षीच अक्षरं शिकल्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, मग आमचा दगड कुठं हाय?"

आजींचे थोरले चुलते दुसऱ्या लढाईत इटलीला गेले, ते परत आले नाहीत. आजींनी त्यांना पाहिलेलंच नाही, आजींचा जन्मच लढाईनंतरचा. पण चुलत्यांची बायको, तिला आजी थोरली आई म्हणायच्या, तिच्याच मांडीवर आजी वाढल्या. तिच्याकडून ऐकलेली हकिगत अशी.

घरी तार आली. गावात कोणालाच वाचता येईना. तेव्हा तार म्हणजे वाईट बातमी एवढेच लोकांना ठाऊक. घरात रडारड सुरू झाली. सासरे ती तार पटक्यात बांधून तीन कोसांवर मास्तरांकडे चालत गेले. मास्तरांनी वाचले, मुलगा बेपत्ता आहे. म्हणजे मेला असे नाही आणि आहे असेही नाही. पुढे काही महिन्यांनी सरकारी कागद आला, की तो मेला असे समजावे. पण माणूस नाही, राख नाही, हाडाचा तुकडा नाही. थोरल्या आईने कुंकू पुसले नाही. सासूने सांगितले, भावकीने सांगितले. ती म्हणाली, "मी बघितल्याबिगर न्हाई पुसायची."

आणि पेन्शन तर घ्यावीच लागे, घर चालायचे होते. कचेरीत जायचे आणि 'माझा नवरा लढाईत मेला' असे लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवायचा. कपाळावर कुंकू आणि अंगठ्याला शाई. कारकून हसायचे म्हणे. कागदावर काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नव्हते. आजी म्हणतात, वाचता आलं असतं तर तिनं अंगठा दिलाच नसता. आम्हांला वाटते, दिलाही असता. पोटाला लागतेच.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या माणसांचा दगड कुठे आहे?

पहिल्या महायुद्धात आपल्या देशातून दहा लाखांहून जास्त माणसे समुद्रापार गेली. त्यांतली सुमारे ७४,००० मेली. दुसऱ्या महायुद्धात आपली फौज २५ लाखांवर गेली होती. त्यांतले सुमारे ८७,००० गेले. यात पुणे, सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर या भागांतले पुष्कळ होते. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे या एका गावातले ४६ जण पहिल्या लढाईत मेले. त्या गावाला आजही आपशिंगे मिलिटरी म्हणतात.

मुसलमान आणि ख्रिस्ती शिपायांना पुरले, त्यांना थडगी मिळाली. हिंदू शिपायाला तिथेच अग्नी दिला. त्याचे थडगे कुठून असणार? आणि जो सापडलाच नाही त्याचे तर काहीच नाही. म्हणून अशांची नावे मोठ्या स्मारकांवर कोरली. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल या गावी आपल्या ४,७०० हून जास्त लोकांचे एक स्मारक आहे. ते १९२७ साली उघडले. इटलीत कासिनो या गावी एक आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांचे नाव त्या कासिनोच्या स्मारकावर आहे. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर मशीनगन सुरू झाली. बरोबरचे सगळे पडले, कोणी मेले तर कोणी जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले आणि त्यांनी ती तोफ बंद पाडली. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने शेवटचे दोघे लोळवले. नंतर शत्रूच्या गोळ्यांनी तेही पडले. वय २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगे नाही.

नाव तरी कोरले, असे तुम्ही म्हणाल. सगळ्यांचे नाही कोरले. ही गोष्ट सांगायला आम्हांला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

पुण्याच्या नावाची एक फौज होती, सहावी पूना डिव्हिजन. १९१४ च्या नोव्हेंबरात ती इराकात बसऱ्याला उतरली. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूत नावाच्या गावात तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. तो वेढा जवळजवळ पाच महिने चालला. दाणा संपला, तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी हत्यारे खाली ठेवली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. उन्हातान्हात वाळवंटातून त्यांना चालवत नेले. वाटेत आणि पुढे छावण्यांत हजारो मेले. जुनी माणसे 'बसऱ्याला गेला' असे म्हणत, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळत असे.

बसऱ्यालाही मोठे स्मारक बांधले. ४०,००० हून जास्त लोकांचे. गोऱ्या शिपायांची नावे कोरली. आपल्या सुभेदार-जमादारांची कोरली. पण आपले शिपाई, नाईक, हवालदार यांची नावे भिंतीवर नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. इतके मेले, बस्स. ज्या संस्थेने हे केले ती १९१७ साली स्थापन झाली. धर्म, वर्ण, हुद्दा असा भेद करायचा नाही हा तिचाच नियम होता. तो तिने आपल्या माणसांच्या बाबतीत पाळला नाही. २०२१ साली त्या संस्थेने स्वतःच चौकशी करून चूक कबूल केली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

तर मंडळी, नाव शोधायचे असेल तर काय लागते? मेलेल्यांची यादी आज त्या संस्थेने मोबाइलवर खुली ठेवली आहे. पैसे पडत नाहीत. पण नुसत्या नावाने माणूस सापडत नाही. आपल्याकडे एका नावाचे दहा जण असतात. आणि इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. कदमाचा कुडूम झालेला असतो. म्हणून पलटणीचा नंबर पाहिजे. तो जुन्या पेन्शनच्या कागदावर असतो. पदकाच्या कडेवरही बारीक अक्षरात कोरलेला असतो. ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, माळ्यावर असे काही असेल तर मोडीत घालू नका. तांब्या-पितळेचे मिळून किती येतील? पहिल्या लढाईनंतर घरच्यांना एक गोल काशाची तबकडीही मिळे. तिच्यावर मेलेल्याचे नाव असे. कुणाकडे असेल तर वर्गाला आणा. गावच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत 'या गावातून इतके लढाईवर गेले' अशी जुनी पाटी असेल, तर तीही वाचून या.

आजींनी ट्रंक उघडली. तळाला पिवळा पडलेला एक कागद निघाला. घडीवर फाटलेला. त्यावरचा नंबर आजींनी स्वतः वाचून दाखवला, एकेक आकडा बोट ठेवून. आमच्यातल्या एका मुलीने तो मोबाइलवर घातला. नावाचे तिघे निघाले होते, नंबराचा एकच निघाला.

कासिनोचे स्मारक. सन १९४४ मधली एक तारीख. बापाचे नाव. मग गावाचे नाव, पार बिघडलेले, पण ओळखू येण्यासारखे. आणि त्याच ओळीत 'अमुक हिचा नवरा' असे लिहिलेले. थोरल्या आईचे नाव. मुलीने ते मराठीत मोठ्याने वाचले. आजी म्हणाल्या, "परत वाच." तिने परत वाचले. "तिचं नाव तिथं हाय, अन् तिला ठाव न्हवतं," एवढेच त्या बोलल्या. थोरली आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. शेवटपर्यंत तिच्या कपाळी कुंकू होते.

दुसऱ्या दिवशी आजी वही घेऊन आल्या. चुलत्यांचे नाव, बापाचे नाव, बायकोचे नाव, गाव, नंबर, तारीख. सगळे त्यांनी आपल्या हाताने उतरवून घेतले. बिघडलेले गावाचे नाव मात्र नीट करून लिहिले.

मग त्यांनी आम्हांला विचारले, तारखेवरून तिथी काढता येते का? आम्ही म्हटले, पंचांगवाल्याकडून काढू. त्यांच्या घरी आजवर चुलत्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला ठेवत, कारण मेल्याची तिथी ठाऊक नव्हती. थोरली आई असेपर्यंत तर तेही ठेवू देत नव्हती. गुरुजींनी सांगितले, तिथी आता निघेल, पण शस्त्राने गेलेल्याचे पान पितृपक्षातल्या चतुर्दशीला ठेवतात. म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवशी.

यंदा आजींनी चतुर्दशीला पान वाढले. दोन वाढली. एक चुलत्यांचे आणि शेजारी एक थोरल्या आईचे. वहीचे पान समोर धरून दोघांची नावे वाचली, आणि मग नैवेद्य कावळ्यासाठी बाहेर नेला.