आमराईतील जमिनीचे आच्छादन
पनवेलजवळच्या सुकापूरपासून थेट दक्षिण कोकणापर्यंत बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांतच कोसळत असल्याने, उतारावरील आमराईत उघड्या मातीचा सेंद्रिय कर्बयुक्त, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याने कसदार झालेला, वरचा थर सहज वाहून जातो. म्हणून गवत मुळासकट न उपटता विळ्याने कापून जागेवरच पसरावे, किंवा चवळी, ताग यांसारखी, मुळांच्या गाठींतील जिवाणूंद्वारे हवेतील नत्र जमिनीत आणणारी आच्छादन पिके घ्यावीत. मात्र उन्हाळ्यात हेच वाळलेले गवत वणव्याला आयते सरपण ठरते, त्यामुळे बागेभोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, राखणे अपरिहार्य असते. बुंध्यालगतही आच्छादन रचू नये, कारण तेथे ओल साचून साल कुजते आणि वाळवीला आसरा मिळतो.