चुलीचा धूर कोण मोजणार?

(माहुल येथे महिलांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माहुलमध्ये हवेविषयी बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा संकोचच वाटतो. खराब हवा म्हणजे काय, हे इथल्या बाईला कुणी शिकवायची गरज नाही. तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या टाक्या आणि त्यांच्या शेजारी तुमची घरं. केईएम रुग्णालयाने २०१३ साली माहुल आणि आंबापाड्यात पाहणी केली. तेव्हा शंभरातल्या ६७ जणांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. ८४ जणांनी छातीत कोंडल्यासारखं होतं असं सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या तोडून माणसं इथेच आणून टाकली. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या.

हे आपोआप झालं नाही. बायका मोर्चात गेल्या, धरण्याला बसल्या, आपला खोकला आणि आपली धाप त्यांनी कागदावर आणायला लावली, म्हणून झालं.

आज मला दुसऱ्या एका धुराबद्दल बोलायचं आहे. तो असा कागदावर आलेला नाही. तो आपल्या घरातला, चुलीचा, लाकडाचा धूर.

तुम्ही म्हणाल, चूल आता राहिली कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के घरांत स्वयंपाक स्वच्छ इंधनावर होतो. म्हणजे पाचातलं एक घर अजून लाकूड, गोवऱ्या, काटक्यांवर आहे. गॅस आला त्या घरांतही चूल पुरती विझलेली नसते. अंघोळीचं पाणी तापवायला, जास्त माणसांचं जेवण करायला, महिनाअखेर सिलिंडर संपला की ती पुन्हा पेटते. आणि आज आपल्यातल्या ज्या पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यातल्या कितीजणी गावाकडे दहाव्या वर्षापासून चुलीपुढे बसल्या होत्या? वीस-पंचवीस वर्षांचा तो धूर गॅस आल्याने छातीतून निघून जात नाही.

हा धूर काय करतो ते नीट समजून घेऊ. लाकूड पुरतं जळत नाही तेव्हा बारीक कण उडतात. त्यातले बरेचसे इतके बारीक, की आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान. मोठी धूळ नाकात, घशात अडकते, शिंकेवाटे आणि कफावाटे बाहेर पडते. हे कण थेट फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. शरीर त्यांच्याशी झगडतं, म्हणून आतल्या नळ्यांना सूज येते. हे दिवसातून दोनदा आणि वर्षानुवर्षं होत राहिलं की नळ्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते, कफ साठतो. मग जिना चढताना धाप लागते. काही वर्षांनी हंडा उचलतानाही लागते. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. दम्यात औषधाने नळ्या बऱ्याच मोकळ्या होतात. इथे तेवढ्या होत नाहीत. औषधाने त्रास कमी होतो, पण गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं.

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायूही असतो. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. पोटुशी बाई चुलीपुढे बसली की पोटातल्या बाळाच्या वाट्याचा प्राणवायूही कमी होतो. पाठीशी किंवा मांडीवर असलेलं लेकरू तोच धूर घेतं, आणि लहान मुलांच्या न्यूमोनियाचं हे एक मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसं गेली. लाकडाच्या धुराने कर्करोग होण्याचाही संभव आहे, असं त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने म्हटलं आहे.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. १९५० च्या दशकात दिल्लीत डॉ. एस. पद्मावती या हृदयरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की फुप्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू थकण्याचा आजार पुरुषांइतकाच बायकांनाही होतो. पुरुष बहुतेक विडी-सिगारेट ओढणारे होते. बायका फार थोड्या. मग बायकांना का? त्यांनी बोट ठेवलं चुलीच्या धुरावर. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी एका सहकाऱ्यासह लिहिलं, की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, तर चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. तरीही आपल्याकडे पाटी लागते ती सिगारेटच्या विरोधात. ती लागावीच. पण चुलीबद्दलची पाटी कुठे आहे?

बाई धाप लागते म्हणून दवाखान्यात जाते. तिला विचारतात, तंबाखू खाता का, विडी ओढता का? ती नाही म्हणते. मग तिला दमा आहे, रक्त कमी आहे किंवा वय झालं, असं सांगून गोळ्या देतात. किती वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. विचारलं नाही की नोंद नाही, नोंद नाही की आजारही नाही.

असं का होतं? लाकूड फुकट मिळतं असं घरात सगळे धरून चालतात. ते वेचून आणणाऱ्या बाईच्या वेळेचा आणि छातीचा हिशेब कुणी करत नाही. गॅसचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात, म्हणून गॅस महाग वाटतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, कार्ड बाईच्या नावावर झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींवं कनेक्शन आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला दिलं गेलं. पण रिकामा सिलिंडर भरायचा की नाही हे कोण ठरवतं? ज्या कारखान्यांची हवा माहुल खातं, त्यांतच स्वयंपाकाचा गॅसही तयार होतो. त्याच कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या बाईला सिलिंडर भरणं परवडत नसेल, तर तो तिच्या एकटीच्या घरचा प्रश्न नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवू या. उद्या कुणी म्हणेल, तुमच्या छातीला कारखाना नाही, तुमची चूल जबाबदार आहे. हे मुळीच मान्य करायचं नाही. फुप्फुसं एकच आहेत आणि दोन्ही धूर त्यातच जातात. चुलीने आधीच अशक्त झालेल्या छातीला बाहेरची खराब हवा अधिक बाधते, म्हणून दोन्हींचा जाब विचारायचा.

मग करायचं काय? प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात बाईच्या केसपेपरवर लिहायला लावा : कशावर स्वयंपाक, किती वर्षं, पाणी कशावर तापतं. नळीत जोराने फुंकून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी जवळच्या दवाखान्यात मोफत मिळावी अशी मागणी करा. सिलिंडर गरीब घराला परवडेल अशा भावात मिळावा, हे आपल्या मागण्यांच्या यादीत रेशनच्या बरोबरीने असू द्या. घरात सिलिंडरचे पैसे किराण्याबरोबर बाजूला काढून ठेवा.

आणि तोवर चूल पेटवावीच लागली तर ती उघड्यावर पेटवा, सरपण पूर्ण वाळलेलं घ्या, भांड्यावर झाकण ठेवा, लेकराला लांब ठेवा. प्लास्टिक, रबर, रंगवलेलं लाकूड चुलीत अजिबात घालू नका. पाणी तापवण्याचं काम घरातल्या पुरुषांनीही करावं. चुलीपुढे बसून डोळे चुरचुरले की हा प्रश्न त्यांनाही समजेल.

आज घरी गेल्यावर शेजारच्या एका तरी बाईला विचारा : जिना चढताना थांबावं लागतं का? लागत असेल तर तिचं नाव, वय आणि चुलीची वर्षं वहीत लिहा, तिला बरोबर घेऊन दवाखान्यात जा. अशा शंभर नोंदी झाल्या की आपण त्या घेऊन पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. कारखान्यांच्या हवेची नोंद आपणच करायला लावली होती. चुलीच्या धुराचीही करायला लावू.